बेरीज पुन्हा कधी तपासली जाते?

एखाद्या सहकारी संस्थेतला, कारखान्यातला किंवा गृहनिर्माण सोसायटीतला गैरव्यवहार उघडकीस आला की पहिली प्रतिक्रिया बहुधा ठरलेली असते: ‘इतक्या चांगल्या घरातला माणूस असे कसे करू शकला?’ या प्रश्नामागे एक पक्का समज असतो. माणसाला योग्य आणि अयोग्य दोन्ही स्वच्छ दिसत असतात आणि स्वार्थापोटी तो जाणूनबुजून अयोग्य ते निवडतो, असा तो समज आहे. अशी माणसे आहेत, यात शंका नाही. परंतु गेल्या तीन-चार दशकांतील मानसशास्त्रीय आणि अर्थशास्त्रीय प्रयोग पाहिले, तर स्वार्थ आपले काम बहुतेक वेळा निर्णयाच्या कितीतरी आधी, पुरावा गोळा करण्याच्या टप्प्यावरच उरकून घेतो, असे दिसते. निर्णयाची वेळ येते तेव्हा त्या माणसाला आपली बाजू खरोखरच न्याय्य वाटत असते.

महिन्याच्या किराणा सामानाचे बिल हातात आले आहे, असे समजा. एकूण रक्कम अपेक्षेपेक्षा जास्त दिसली की आपण काउंटरवरच थांबतो, तूरडाळ एक किलो सांगितली होती की दोन हे आठवतो, बोट ठेवून बेरीज पुन्हा करतो. रक्कम अपेक्षेपेक्षा कमी दिसली तर कागद घडी करून खिशात ठेवतो. यात आपण खोटे काहीच बोललेलो नसतो. आता अशा शंभर बिलांत दहा चुका दुकानदाराच्या फायद्याच्या आणि दहा आपल्या फायद्याच्या असतील, तर पहिल्या दहा सापडतात आणि दुरुस्त होतात, दुसऱ्या दहा तशाच राहतात. वर्षअखेरीस शिल्लक राहिलेली प्रत्येक चूक आपल्याच बाजूची असते आणि तरीही ‘मी एका पैशाची लबाडी केली नाही’ हे आपले म्हणणे अक्षरशः खरे असते. या विषयातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी यंत्रणा हीच आहे. नको असलेल्या निष्कर्षाला आपण अधिक कडक पुरावा मागतो, हव्या असलेल्या निष्कर्षाला पहिल्याच पुराव्यावर सोडून देतो.

ही असमान तपासणी किती मोठा फरक घडवते, हे थोड्या गणिताने पाहता येते. कारखान्याच्या धुराड्यातील धूलिकणांची मर्यादा घनमीटरमागे 150 मिलिग्रॅम आहे आणि प्रत्यक्षातील सरासरी प्रमाण 160 आहे, असे धरू. कोणत्याही मोजणीत थोडा चढउतार असतोच. त्याचे प्रमाणित विचलन, म्हणजे नोंदी सरासरीपासून साधारण किती दूर जातात ते माप, 15 मिलिग्रॅम मानले आणि त्याची विभागणी नेहमीच्या घंटेच्या आकाराची असेल, तर एकाच मोजणीत नोंद 150 च्या खाली येण्याची शक्यता साधारण 25 टक्के असते. मात्र ‘मर्यादेबाहेरची नोंद आली तर यंत्र तपासून पुन्हा मोजा, मर्यादेतली आली तर थांबा’ एवढाच नियम पाळला आणि तीनदा मोजण्याची मुभा ठेवली, तर तीनही वेळा अपयश येण्याची शक्यता 0.75 चा घन, म्हणजे सुमारे 42 टक्के उरते. याचा अर्थ, मर्यादा मोडणारा कारखाना 58 टक्के वेळा ‘नियमात’ ठरतो. पाच वेळा मोजले तर हाच आकडा 76 टक्क्यांवर जातो. प्रत्येक मोजणी प्रामाणिक आहे. अप्रामाणिकपणा केव्हा थांबायचे या नियमात आहे आणि तो नियम कोणी कागदावर लिहिलेला नसतो.

माणसे खरोखर अशी वागतात याचा एक सुरेख प्रयोग 1992 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना लाळेने ओली करायची एक पिवळी पट्टी देऊन, तिच्यावरून शरीरातील एका विकराची (एन्झाइमची) कमतरता कळते, असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात तो साधा कागद होता आणि त्याचा रंग बदलणारच नव्हता. रंग न बदलणे ही चांगली खूण आहे, असे ज्यांना सांगितले होते त्यांनी चाचणी लवकर आटोपली. रंग न बदलणे म्हणजे कमतरता, असे ज्यांना सांगितले होते ते अधिक वेळ वाट पाहत राहिले आणि पट्टी पुन्हा बुडवून पाहण्याचे प्रमाणही त्यांच्यात अधिक होते.

दुसऱ्या एका प्रयोगात सहभागींना दोन कामे वाटायची होती. एक काम बक्षिसाची संधी देणारे होते, दुसरे कंटाळवाणे. त्यातले एक स्वतःकडे ठेवायचे आणि एक दुसऱ्या माणसाला द्यायचे. हवे असल्यास नाणे उडवावे, असे सुचवलेले होते. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात नाणे उडवणाऱ्या दहा जणांपैकी नऊ जणांनी चांगले काम स्वतःकडे ठेवले. नाण्याला असा पक्षपात ठाऊक नसतो. असाच प्रकार कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावण्याच्या प्रथेतही दिसतो. मनासारखा कौल मिळाला नाही की अनेकदा प्रश्न बदलून पुन्हा कौल मागितला जातो आणि मनासारखा मिळाला की देवाचा शब्द अंतिम ठरतो. हव्या त्या उत्तराला थांबण्याची मोकळीक असेल, तर कौल विचारणाऱ्याच्या इच्छेलाच फक्त पवित्र शिक्का मिळतो. शेतीच्या, लग्नाच्या आणि आजारपणाच्या निर्णयांत त्याची किंमत घरातल्या दुबळ्या माणसाला मोजावी लागते, म्हणून हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

व्यवसायाच्या जगातला सर्वांत भक्कम पुरावा आपल्या शेजारच्या राज्यातून आला आहे. गुजरातमध्ये उच्च न्यायालयाच्या 1996 च्या आदेशानंतर प्रदूषणाची अधिक शक्यता असलेल्या कारखान्यांना दरवर्षी बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून पर्यावरण तपासणी करून घेणे बंधनकारक झाले. परंतु लेखापरीक्षक निवडायचा कारखान्यानेच आणि त्याचे शुल्क द्यायचेही कारखान्यानेच, अशी व्यवस्था होती. कुंपणाने शेत खावे, असाच हा प्रकार होता. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर अहमदाबाद आणि सुरत भागांतील 473 कारखान्यांवर दोन वर्षे प्रयोग केला. सुमारे निम्म्या कारखान्यांत जुनी पद्धत चालू ठेवली. उरलेल्यांत लेखापरीक्षक चिठ्ठी टाकावी तसा नेमला, त्याचे ठरावीक शुल्क सामाईक निधीतून दिले, काही नोंदींची पुन्हा स्वतंत्र मोजणी केली आणि दुसऱ्या वर्षी अचूकतेनुसार मोबदला ठेवला.

जुन्या पद्धतीतील अहवालांनुसार केवळ 7 टक्के कारखाने धूलिकणांची मर्यादा मोडत होते. स्वतंत्र मोजणीत हे प्रमाण 59 टक्के निघाले. अहवालांतील नोंदी 150 मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या किंचित खाली दाटीवाटीने जमलेल्या होत्या. असा ढीग केवळ पुन्हा पुन्हा मोजून तयार होत नाही, तेथे आकडे सरळ लिहिलेही गेले असणार, हे मान्य केले पाहिजे. नव्या पद्धतीत मर्यादा मोडणाऱ्या कारखान्याला खोटेपणाने ‘नियमात’ दाखवण्याचे प्रमाण सुमारे 80 टक्क्यांनी घटले आणि कारखान्यांचे प्रत्यक्ष प्रदूषणही कमी झाले. माझ्या मते यातला सर्वांत मोलाचा निष्कर्ष मात्र वेगळाच आहे. काही लेखापरीक्षक दोन्ही गटांत काम करत होते आणि त्याच माणसांच्या नोंदी एका गटात खऱ्या, तर दुसऱ्या गटात खोट्या येत होत्या. माणूस तोच, संस्कार तेच, यंत्र तेच. बदलले होते ते फक्त पैसे कोठून येतात आणि आकडा कोण पडताळतो हे.

कंपन्यांच्या हिशेबतपासनिसांनाही कंपनीच पैसे देते. 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक प्रकारच्या कंपन्यांना तपासनीस काही वर्षांनी बदलण्याचे बंधन घातले, त्यामागची चिंता हीच आहे.

या क्षेत्रात झटपट उपायांचे पीकही भरपूर आहे. अर्जाच्या तळाऐवजी माथ्यावर सही घेतली की माणूस खरे लिहितो, असा दावा करणारा एक शोधनिबंध 2012 मध्ये गाजला. 2020 मध्ये त्याच लेखकांनी तो परिणाम पुन्हा आढळत नसल्याचे जाहीर केले आणि 2021 मध्ये त्यातील एका प्रयोगाची आकडेवारी बनावट असल्याचे दिसून आल्यावर तो निबंध मागे घेण्यात आला. प्रामाणिकपणावरचे संशोधनच असे निघावे, याचे मला मनापासून दुःख वाटते. एक सही हलवून समाज सुधारेल, ही गोष्ट सर्वांना हवीशी वाटत होती आणि हवेसे असलेले बिल आपण पुन्हा तपासत नाही.

मग उपाय काय? अमेरिकेतील एका प्रयोगात अपघाताच्या नुकसानभरपाईचा एकच खटला विद्यार्थ्यांच्या जोड्यांना देण्यात आला. आपण वादी की प्रतिवादी हे आधी कळल्यावर ज्यांनी कागदपत्रे वाचली, त्यांच्यातील 28 टक्के जोड्यांत तडजोड झाली नाही. आधी कागदपत्रे वाचून नंतर भूमिका कळलेल्यांत हे प्रमाण केवळ 6 टक्के होते. भावाभावांच्या वाटणीत एकाने वाटे पाडायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचे, या रीतीतही हेच शहाणपण आहे, कारण कोणता वाटा आपला हे वाटे पाडणाऱ्याला ठाऊक नसते. पुढच्या प्रयोगांत असे दिसले की ‘तुमच्या मनात पक्षपात आहे’ असे नुसते सांगून काही फरक पडत नाही, कारण तो समोरच्याच्याच मनात आहे असे ऐकणाऱ्याला वाटते. मात्र वाटाघाटीपूर्वी आपल्या बाजूचे कच्चे दुवे स्वतःच्या हाताने लिहून काढायला सांगितले, तेव्हा तडजोड फिसकटण्याचे प्रमाण झपाट्याने खाली आले.