रिकर्व्ह धनुष्याने हरणाची शिकार

रिकर्व्ह धनुष्याने हरणाची शिकार : पात्यांची (मुठीच्या वर-खालच्या वाकणाऱ्या भागांची) टोके पुढच्या बाजूला वळवलेल्या साध्या धनुष्याने, नेम धरायची साइट किंवा दुसरे कसलेही उपकरण न लावता, हरणाच्या पंधरा-वीस मीटर जवळ जाऊन एका बाणात त्याला पाडण्याची विद्या. अमेरिका, पोर्तुगाल, डेन्मार्क अशा काही देशांत ती कायदेशीर आहे आणि रीतसर शिकवली जाते. ब्रिटनमध्ये तिला बंदी आहे. गोव्यात, किंबहुना सगळ्या भारतातच, तो गुन्हा आहे. तरीही गोव्यातल्या तिरंदाजाने तिची माहिती करून घ्यायला हरकत नाही. या विद्येतले जे खरोखर अवघड आहे ते सगळे बाण सुटण्याच्या अलीकडे घडते : जनावर ओळखणे, वारा सांभाळणे, तासन्‌तास हलायचे नाही आणि बहुतेक वेळा बाण सोडायचाच नाही. एवढा भाग सत्तरी-सांग्याच्या रानात कोणाचाही जीव न घेता शिकता येतो.

कायदा : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ ने वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी केली आहे. त्या कायद्यातली शिकारीची व्याख्या लोकांना वाटते त्यापेक्षा पुष्कळ रुंद आहे. जनावर मारणे हा तिचा फक्त एक भाग. हाकारा घालणे, फास लावणे, आमिष ठेवणे आणि यांतल्या कशाचाही प्रयत्न करणे, हे सगळे तिच्यात येते. हत्यारांच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा उल्लेख नावानिशी आहे. कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीवाचून अभयारण्यात हत्यार नेता येत नाही. त्यामुळे मोले, खोतीगाव, नेत्रावळी, म्हादई किंवा बोंडला यांच्या हद्दीत ‘नुसता सराव’ म्हणून धनुष्य घेऊन जाणेही अंगाशी येऊ शकते. बेकायदा मारलेले जनावर कलम ३९ नुसार सरकारच्या मालकीचे होते, मांसासकट. शेताची नासाडी करणाऱ्या जनावरांसाठी कलम ११ मध्ये वेगळी तरतूद आहे खरी, पण तिथेही अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. हौशी शिकारीची पळवाट म्हणून तिच्याकडे पाहणाऱ्याने ते कलम नीट वाचलेले नसते.

धनुष्य : सरळ बांबूच्या धनुष्यापेक्षा रिकर्व्ह तेवढ्याच लांबीत आणि तेवढ्याच ताकदीत जास्त ऊर्जा साठवते. पुढे वळलेल्या टोकांवर दोरी टेकलेली असते. ओढताना ती हळूहळू सुटी होते, त्यामुळे शेवटच्या दोन-तीन इंचांत धनुष्य एकदम जड वाटत नाही. हा आकार आधुनिक नाही. शिंग, लाकूड आणि स्नायूतंतू सरसाने जोडून केलेली अशी धनुष्ये आशियात फार जुनी आहेत. पण दमट हवेत सरस सुटतो. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात असे धनुष्य टिकवणे म्हणजे रोजची कटकट. बांबूला ती अडचण नसते. १९५० च्या दशकात पात्यांना काचतंतूंचे थर बसू लागले आणि हा प्रश्न बराचसा मिटला. त्या कामात पुढाकार घेणाऱ्यांपैकी फ्रेड बेअर (१९०२–१९८८) हा अमेरिकन कारागीर स्वतः नावाजलेला धनुर्धारी शिकारी होता.

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकपासून तिरंदाजी पुन्हा ऑलिंपिकमध्ये आली, तीही रिकर्व्ह प्रकारातच. मात्र मैदानावरचे ते रिकर्व्ह साइट, ओढ पुरी झाल्याचे टिचकीने सांगणारा क्लिकर आणि तोल सांभाळणारे लांब स्टॅबिलायझर यांनी लगडलेले असते. शिकारीचे पारंपरिक रिकर्व्ह बोडके असते. बाण मुठीवरच्या छोट्या खाचेवर ठेवायचा आणि नेम डोळ्याने धरायचा. या खाचेमुळे बाणाला प्लॅस्टिकचे पंख चालत नाहीत, खऱ्या पिसांचेच लागतात. प्लॅस्टिक खाचेला आपटून बाण बाजूला फेकते, पीस दबून निघून जाते. पुल्यांचे कंपाउंड धनुष्य हा वेगळाच प्रकार आहे. पूर्ण ओढल्यावर त्याचा भार हातावरून उतरतो, शिकारी थांबून निवांत नेम धरू शकतो. रिकर्व्हमध्ये ती सवलत नाही. ओढलेले सगळे वजन बोटांवर असते आणि दोन-तीन सेकंदांत काय ते ठरवावे लागते.

धनुष्याची ताकद २८ इंच ओढीवर पौंडांत मोजतात. अमेरिकेतल्या पुष्कळ राज्यांत हरणासाठी किमान ३५ ते ४० पौंडांची अट आहे आणि शिकारी साधारण ४० ते ५० पौंडांचे धनुष्य वापरतात. शिकणाऱ्याने मात्र २५–३० पौंडांपासून सुरुवात करावी. पहिलेच धनुष्य पन्नास पौंडांचे घेणारा माणूस दुकानात रुबाबात ते ओढून दाखवतो आणि महिन्याभरात त्याचा खांदा कानाला लागलेला असतो. ओढ दंडाने घ्यायची नसते, ती पाठीच्या स्नायूंनी घ्यायची असते. मधले बोट ओठांच्या कोपऱ्याला दर वेळी त्याच जागी टेकले पाहिजे. याला अँकर म्हणतात. साइट नसलेल्या धनुष्याची मागची साइट म्हणजे हा अँकर. तो अर्धा इंच सरकला तर वीस मीटरांवर बाण हातभर चुकतो.

सराव : सुरुवात चार-पाच मीटरांवरून, कोऱ्या भाऱ्यावर, डोळे मिटून करतात. लक्ष्य समोर नसले की लक्ष आपोआप स्वतःच्या हालचालीकडे जाते. गोव्यात भाताच्या पेंढ्याचा गच्च आवळलेला भारा यासाठी उत्तम, पण त्याच्या मागे काय आहे ते आधी पाहावे. चिऱ्याच्या कुंपणावर आदळलेला कार्बनचा बाण वरून धडधाकट दिसतो आणि आतून चिरलेला असू शकतो. म्हणून प्रत्येक बाण सोडण्याआधी दोन्ही हातांत धरून किंचित वाकवायचा आणि कानाजवळ नेऊन ऐकायचे. कर्रकन आवाज आला तर तो बाण तिथेच मोडून टाकायचा. असा बाण सुटताना फुटला तर कार्बनच्या सळ्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात.

पुढचा टप्पा अंतराचा. रिकर्व्हचा शिकारी ‘मी किती लांबून मारू शकतो’ असे विचारत नाही. दिवसाचा पहिला बाण, हात गरम न करता, जेवणाच्या ताटलीएवढ्या वर्तुळात ज्या अंतरावरून दर वेळी बसतो तेवढीच त्याची मर्यादा. बहुतेकांची ती वीस मीटरांच्या आत असते, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. गुडघ्यावर बसून, झाडाला टेकून, धनुष्य तिरके धरून हाच सराव करतात. मचाणावरून मारताना हात खाली न नेता कमरेतून वाकायचे असते, नाहीतर अँकर बिघडतो आणि बाण वरून जातो. इंडियन राउंड या स्पर्धाप्रकारात बांबूच्या धनुष्याने ३० आणि ५० मीटरांवर खेळलेल्या मुलांना बोडक्या धनुष्याची सवय असते. त्यांना शिकवायला सोपे जाते, पण अंतर कमी करायला सांगितले की ती खट्टू होतात.

वीस मीटरच का, याचे उत्तर गणितात आहे. साधारण ३२ ग्रॅमचा बाण सेकंदाला पन्नास मीटरांच्या आसपास वेगाने जातो. त्याची ऊर्जा चाळीसएक जूल भरते. पॉइंट बावीसच्या छोट्या रायफलीची गोळीदेखील याच्या तिपटीहून जास्त ऊर्जा घेऊन निघते. म्हणजे बाण धक्क्याने मारत नाही. बाणाच्या टोकाचे वस्तऱ्यासारखे धारदार पाते फुप्फुसातून किंवा हृदयातून आरपार गेले तर रक्तस्रावाने जनावर काही सेकंदांत कोसळते. पाते बोथट असेल किंवा जागा चुकली तर ते कित्येक तास हाल होऊन मरते. शिवाय दोरीचा आवाज बाणाच्या किती तरी आधी पोहोचतो. वीस मीटर जायला बाणाला सुमारे ०.४ सेकंद लागतात, आवाजाला ०.०६. बिथरलेले हरीण तेवढ्यात पळण्यासाठी खाली दबते आणि बाण पाठीवरून निघून जातो. अंतर दुप्पट केले की ही फट आणखी रुंदावते.

रान : गोव्यात सांबर (कोकणीत मेरू), चितळ आणि भेकर ही हरणे आहेत. तीनेक किलोची पिसोरीही आहे. तिला लोक हरणातच धरतात, पण शास्त्रीयदृष्ट्या तिचे कूळ वेगळे. यांपैकी कोणाच्याही जवळ जायचे तर पहिला शत्रू आपला वास. हरणाचा डोळा तांबडा रंग नीट ओळखत नाही, पण नाक फसत नाही. किनाऱ्याकडे दिवसा खारे वारे आणि रात्री मतलई वारे हे गणित बरेचसे ठरलेले असते. सह्याद्रीच्या पायथ्याला मात्र डोंगराचा स्वतःचा कारभार चालतो. पहाटे गार हवा ओढ्यातून खाली घरंगळते, ऊन तापले की उतारावरून वर चढते, आणि मधल्या तासाभरात ती कुठेही वळते. त्या तासात जागेवरून हलू नये. टाल्कम पावडरची चिमूट सोडून हवा कुठे जाते ते पाहणे हा जगभरचा साधा उपाय आहे.

दुसरा शत्रू पाचोळा. जानेवारीनंतर किंदळ आणि ऐनाची पाने पायाखाली पापडासारखी वाजतात. एक पाऊल टाकायचे, मग पाच मिनिटे नुसते पाहायचे. ही चाल जमायला धनुष्य शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. पावसात रान मुके होते, पण तेव्हा पिसे भिजून चपटी होतात आणि जळवा पायाला लागतात त्या वेगळ्याच. रानाला आपला सुगावा लागला की ते लपवून ठेवत नाही. भेकर कुत्र्यासारखे भुंकते, वानर खाकरते, सांबर पाय आपटून ‘ढाँक’ करते. हे आवाज ऐकू आले तर त्या दिवसापुरता आपला निकाल लागलेला असतो. खोतीगाव अभयारण्यात पाणवठ्याजवळ उंच मचाण आहे. तिथे पहाटे किंवा सांजवेळी गप्प बसून हे सगळे शिकता येते. बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयात सांबर आडवे उभे असताना त्याच्या पुढच्या पायामागची जागा नेमकी कुठे येते आणि ते थोडे वळले की ती कशी झाकली जाते, हे जवळून पाहता येते.

गोव्यात शिकारीचे जुने ठसे नाहीत असे नाही. कुशावतीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्या दगडावर कोरलेल्या चित्रांत बैलांबरोबर हरणेही आहेत. गोव्याचे कदंब ज्या कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते, त्यांच्यातल्या सोमेश्वर तिसऱ्याने ११३० च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मृगया हा राजाच्या विनोदांपैकी एक म्हणून सविस्तर येतो. कोकणातली गावोगावची पारध मात्र धनुष्याच्या या पद्धतीपेक्षा अगदी वेगळी. तिथे हाकारे जनावर उठवतात आणि वाट अडवून बसलेला माणूस पळत्या जनावरावर मारतो. कालिदासाचा सेनापतीही दुष्यंतापुढे चालत्या लक्ष्यावर बाण बसण्याचीच थोरवी गातो. आजच्या धनुर्धारी शिकाऱ्याला हे पटणार नाही. त्याला न बिथरलेले, थांबलेले, आडवे उभे जनावरच हवे. बाकी सगळ्या वेळी दोरी सैल सोडायची. दशरथाने आवाजाच्या रोखाने बाण मारला आणि श्रावणबाळ गेला. आपल्याकडे ही गोष्ट आईबापांच्या सेवेसाठी सांगतात, शिकारीच्या वर्गात ती पहिल्या दिवशी सांगायला हवी.

आजच्या धनुर्मृगयेची गुरुपरंपरा कॅलिफोर्नियातल्या इशी या माणसापर्यंत पोहोचते. ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीत एकटाच उरलेला इशी १९११ मध्ये रानाबाहेर आला आणि १९१६ मध्ये वारला. मधल्या काळात सॅक्स्टन पोप या डॉक्टरने त्याच्याकडून धनुष्य करायला आणि शिकार करायला शिकून घेतले. मैदानातल्या लांबच्या लक्ष्यावर इशी फारसा चांगला नव्हता, तिथे शिष्यच त्याला मागे टाकत. रानात मात्र तो जनावराच्या इतक्या जवळ जाई की लांबच्या नेमाची त्याला गरजच पडत नसे.

बाण लागल्यानंतर : जिथे शिकार कायदेशीर आहे तिथे परीक्षेत सर्वांत जास्त घोळवला जाणारा भाग हा. हरीण पळाले की मागे धावायचे नाही. ते शेवटचे कुठे दिसले ती खूण डोळ्यांत ठेवायची आणि बाण शोधायचा. त्यावर गुलाबी, फेसाळ रक्त असेल तर फुप्फुस लागले. अर्धा तास थांबून मागावर निघावे. काळपट रक्त यकृताचे, तिथे चारएक तास थांबतात. हिरवट घाण आणि दुर्गंधी असेल तर बाण पोटात गेला आहे. तेव्हा आठ-दहा तास थांबण्यावाचून इलाज नसतो, कारण लवकर उठवलेले जखमी हरीण मैलोगणती जाते आणि सापडत नाही.

रीतसर शिक्षण : न्यूयॉर्कसारख्या अमेरिकी राज्यांत धनुष्याने शिकार करणाऱ्याला बंदुकीच्या अभ्यासक्रमाखेरीज वेगळा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. पोर्तुगालच्या शिकार परवान्यात धनुर्धाऱ्यांचा स्वतंत्र वर्ग आहे. तिथे स्थायिक झालेल्या गोवेकरांपैकी कोणाला हौस असेल तर वाट ही. भारतात राहून जवळात जवळचा पर्याय म्हणजे थ्रीडी तिरंदाजी. फोमची पूर्णाकृती जनावरे झाडीत मांडतात आणि अंतर सांगत नाहीत. जागतिक नियमांत पारंपरिक धनुष्यांसाठी ते ३० मीटरांपलीकडे जात नाही. सर्वांत आतल्या छोट्या वर्तुळाला ११ गुण, मग १०, ८ आणि ५, शिंगाला किंवा खुराला लागले तर शून्य. यासाठी खाजगी जमीन आणि मागे मातीचा उंच बांध पुरतो. कुळागरात (सुपारीच्या बागेत) मात्र हा खेळ मांडू नये. सुपारीच्या बारीक खोडांवरून बाण कुठे घसरेल याचा नेम नाही आणि पाटाच्या पाण्यावर कोण काम करत असेल ते दिसत नाही.