चेहऱ्यावरची सूज

चेहऱ्याच्या त्वचेखालच्या सैल ऊतींत पाणी साचले किंवा दाहामुळे त्या फुगल्या, की चेहरा सुजलेला दिसतो. ही सूज म्हणजे स्वतंत्र आजार नव्हे, ते लक्षण आहे. एका रात्रीच्या जागरणापासून मूत्रपिंडाच्या विकारापर्यंत कशानेही ती येऊ शकते. ‘तोंड सुजलंय’, ‘डोळे जड दिसताहेत’, ‘अंगावर पाणी आलंय’ असे पुण्यातल्या घरांत म्हटले जाते आणि पहिला संशय बहुधा आदल्या रात्रीच्या जेवणावर घेतला जातो. तो पुष्कळदा बरोबर निघतो. चुकतो तेव्हा मात्र मीठ तोडण्यात आणि काढे पिण्यात आठवडे जातात आणि मूळ आजार तेवढा वाढतो. म्हणून आहाराचा वाटा कुठपर्यंत आहे, हे नीट समजून घेणे गरजेचे आहे.

पापणीची त्वचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची, शरीरातल्या सर्वांत पातळ त्वचेपैकी आहे आणि तिच्याखालची ऊती अगदी सैल असते. त्यामुळे थोडेसे पाणीही आधी तिथेच दिसते. दिवसभर उभे किंवा बसून असताना जादा पाणी पायांकडे उतरते. रात्री आडवे झाल्यावर ते चेहऱ्याकडेही पसरते. म्हणूनच साधी सूज सकाळी ठळक असते आणि हिंडू-फिरू लागल्यावर काही तासांत ओसरते. पालथे झोपणे, रडणे, मद्यपान, पाळीच्या आधीचे दिवस यांनीही ती वाढते. वयानुसार डोळ्यांखाली येणाऱ्या पिशव्या वेगळ्या: तिथे चरबी पुढे सरकलेली असते, त्यामुळे पथ्याचा किंवा काकडीच्या चकत्यांचा तिच्यावर फारसा उपयोग होत नाही.

आहारातला सर्वांत मोठा कारक मीठ. दवाखान्यातल्या नॉर्मल सलाईनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असते, कारण शरीरातल्या पेशींबाहेरच्या द्रवाची क्षारता जवळपास तेवढीच असते. मीठ जास्त गेले की हे प्रमाण राखण्यासाठी तहान लागते आणि मूत्रपिंडे पाणी धरून ठेवतात. ३ ग्रॅम जादा मिठामागे साधारण पाव ते एक तृतीयांश लिटर पाणी अडकते आणि ते बाहेर पडायला एक-दोन दिवस लागू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमच्याने सपाट एक चमच्याहून कमी, मीठ सुचवले आहे. आपल्याकडचे सरासरी सेवन याच्या बरेच वर आहे.

मराठी पानात मीठ सगळ्यांत आधी वाढतात आणि डाव्या बाजूला लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे येते. पण पानातली ती चिमूट सहसा दोषी नसते. मीठ जाते ते न दिसणाऱ्या वाटांनी: मिसळीवरच्या फरसाणातून, सोबतच्या पावातून, संध्याकाळच्या चहाबरोबरच्या खारीतून, बाकरवडीतून, तळलेल्या सांडगी मिरचीतून. पापडात मिठाबरोबर पापडखार असतो. खायच्या सोड्याप्रमाणे त्यातही सोडियमच असते. चायनीजच्या गाडीवरचा सोया सॉस आणि अजिनोमोटो हेही त्याच हिशेबात धरायला हवेत. पाकिटावर मिलिग्रॅममध्ये दिलेल्या सोडियमला अडीचने गुणले की मिठाचा अंदाज येतो. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे सुमारे १ ग्रॅम मीठ.

उपवासाचा प्रश्न वेगळा पाहायला हवा. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा चिवडा आणि वेफर्स यांना तंतोतंत लागू पडते आणि द्वादशीच्या सकाळी सुजलेले डोळे हा त्याचा साधा परिणाम असतो. उपवासाला चालते म्हणून वापरलेले सैंधव हलके असते, सूज आणत नाही, असा समज घट्ट रुजलेला आहे. तो चुकीचा आहे. सैंधव, म्हणजेच शेंदेलोण, हे जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच असते. शिवाय त्यात बहुधा आयोडीन मिसळलेले नसते, त्यामुळे रोजच्या स्वयंपाकात तेवढेच वापरणे इष्ट नाही.

सूज दिसली की पाणी तोडणे हाही असाच गैरसमज. निरोगी माणसात पाणी कमी केल्याने सूज उतरत नाही. पाण्यावर बंधन हृदय किंवा मूत्रपिंड निकामी होत असलेल्या रुग्णांसाठी असते आणि ते डॉक्टरांनी मोजून द्यायचे असते. डाळी, पालेभाज्या, केळी, शहाळ्याचे पाणी यांतले पोटॅशियम सोडियम बाहेर टाकायला मदत करते, हे खरे. मात्र मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात हेच पोटॅशियम रक्तात साचून हृदयाची लय बिघडवू शकते. बाजारातल्या ‘लो सोडियम’ मिठात सोडियमच्या जागी बरेचसे पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. अशा रुग्णाने ते परस्पर सुरू करणे धोक्याचे आहे. आयुर्वेदात शोथावर, म्हणजे सुजेवर, सांगितलेली पुनर्नवा आपल्याकडे घेटुळी म्हणून पावसाळ्यात भाजीला येते. भाजी म्हणून ती चांगलीच आहे. सुजेचे कारण माहीत नसताना तिचा काढा औषध म्हणून घेत राहणे हे वेगळे.

मूत्रपिंडाच्या विकाराने येणारी सूज सर्वांत आधी पापण्यांवर दिसते, आणि नेमकी तीच जागरणाच्या किंवा ॲलर्जीच्या खात्यावर टाकली जाते. नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये मूत्रपिंडाच्या गाळणीतून अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीवाटे वाहून जाते, रक्तातले त्याचे प्रमाण घटते आणि मूत्रपिंडे मीठ-पाणी धरून ठेवू लागतात. मुलांमध्ये हा विकार विशेषतः २ ते ६ या वयात दिसतो. सकाळी मुलाचे डोळे उघडत नाहीत, संध्याकाळी चेहरा बरा दिसतो. डोळ्यांत थेंब घालून आठवडा जातो आणि मग पोट फुगते, लघवीला फेस येतो. लघवीची साधी तपासणी पहिल्याच दिवशी केली असती तर निदानाची दिशा तेव्हाच कळली असती. ही तपासणी स्वस्त असते, गल्लीतल्या लॅबमध्येही होते आणि तरी ती वेळेवर केली जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

निदान झालेल्या मुलांच्या घरी ही तपासणी रोजच्या कामांत बसते. सकाळची पहिली लघवी परीक्षानळीत घेऊन आई तीत सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे थेंब टाकते किंवा रंग बदलणारी पट्टी बुडवते. लघवी नितळ राहिली तर वहीत शून्य; गढूळ झाली तर गढूळपणानुसार एक ते चार अधिक चिन्हे. सलग तीन दिवस तीन किंवा अधिक चिन्हे आली, तर आजार उलटला असे मानतात. सूज असेपर्यंत जेवण कमी मिठाचे असते आणि पापड-लोणचे बंद असते. प्रथिने मात्र वयाला साजेशी, नेहमीइतकीच द्यायची; वाहून गेलेले अल्ब्युमिन अंडी-पनीर कोंबून भरून निघत नाही.

या आजारावर दिलेल्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने गाल आणि हनुवटी गोलसर होतात, तेव्हा सूज परत आली म्हणून पालक घाबरतात. स्टेरॉइडची गोलाई चरबीची असते, ती दिवसभर तशीच राहते. पाण्याची सूज सकाळी पापण्यांवर असते. चेहरा पाहून औषध अचानक थांबवणे घातक ठरू शकते. सांधेदुखीवर किंवा दम्यावर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांतही कधी स्टेरॉइड मिसळलेले असते. काही महिन्यांत चेहरा चंद्रासारखा झाला, तर त्या पुड्या डॉक्टरांना नेऊन दाखवाव्यात.

घशाला स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंचा संसर्ग झाल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी चेहरा सुजला, लघवी कमी झाली आणि कोऱ्या चहाच्या रंगाची दिसू लागली, तर मूत्रपिंडाला दाह झाल्याचा संशय घ्यावा. इथे रक्तदाब मोजणे तातडीचे असते. गर्भारपणात विसाव्या आठवड्यानंतर चेहऱ्यावर एकदम सूज आली तरी तेच, कारण १४०/९० किंवा त्याहून अधिक रक्तदाब आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचा इशारा असतो.

थायरॉइड मंदावल्यावर येणारी सूज बोटाने दाबली तरी खड्डा पडत नाही, कारण त्वचेत पाण्याबरोबर चिकट शर्करायुक्त द्रव्येही साचलेली असतात. सोबत कोरडी त्वचा, घोगरा आवाज, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणे आणि भुवयांची बाहेरची टोके विरळ होणे अशी लक्षणे दिसतात. ही सूज आहाराने बरी होत नाही. रक्तातले टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) तपासून थायरॉइडची गोळी घ्यावी लागते, आणि ती उपाशीपोटी, सकाळच्या चहाच्या अर्धा ते एक तास आधी. या रुग्णांना कोबी-फुलकोबी पूर्ण बंद करायला सांगितले जाते, त्याला आधार नाही. शिजवलेली भाजी नेहमीच्या प्रमाणात चालते.

खाज आणि लाली असली, तर कारण बहुधा ॲलर्जीचे. कोळंबी, अंडे, शेंगदाणे यांमुळे काही मिनिटांपासून दोन तासांत ओठ-पापण्या सुजतात, कधी अंगावर पित्तही उठते. पित्तावर आमसुलाचे पाणी चोळण्याची रीत घराघरांत आहे आणि त्याने थंडावा वाटतो. पण जीभ सुजली, आवाज बसला किंवा श्वास घेताना घरघर होऊ लागली, तर त्याच क्षणी १०८ला फोन करून रुग्णालय गाठायचे. एनालाप्रिल, रामिप्रिल या रक्तदाबाच्या गोळ्यांनी येणारी ओठ-जिभेची सूज खाजेशिवाय येते आणि गोळी सुरू होऊन महिने उलटल्यावरही येऊ शकते. केसांच्या काळ्या डायमधल्या किंवा काळ्या मेहंदीतल्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी असलेल्यांना लावल्यानंतर एक-दोन दिवसांत डोळे पार मिटण्याइतकी सूज येते.

पुण्याशी विशेष निगडित कारण म्हणजे गाजरगवत. मूळच्या अमेरिका खंडातल्या या तणाचा भारतातला फैलाव १९५०च्या दशकात पुण्यात नोंदवला गेला आणि पुढे ते देशभर पसरले. टेकड्यांचे पायथे, नदीकाठ, रिकामे प्लॉट, रेल्वेच्या कडेच्या जागा इथे ते पावसाळ्यात माजते. त्याचे हवेतले सूक्ष्म कण चेहरा, पापण्या आणि मानेच्या वळ्यांवर बसून संवेदनशील माणसांना तीव्र खाज, सूज आणि कालांतराने राठ, काळवंडलेली त्वचा देतात. यावर कोणतेही पथ्य लागू पडत नाही. झाडापासून दूर राहणे आणि त्वचारोगतज्ज्ञांचे उपचार हाच उपाय.

एकाच बाजूला दुखरी, गरम सूज असेल तर दातातला पू, गालगुंड किंवा त्वचेचा संसर्ग शोधावा. डोळ्याभोवती लाली आणि ताप असून डोळा हलवताना दुखत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. चेहऱ्याबरोबर मानेच्या शिरा तट्ट फुगल्या आणि वाकल्यावर त्रास वाढला, तर छातीतली मोठी शीर दबली असण्याची शक्यता असते. हृदय आणि यकृताच्या विकारांत सूज सहसा पायांवर व पोटात आधी दिसते. आठवड्याहून अधिक टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुजेसाठी लघवीची तपासणी, रक्तदाब, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते दाखवणारी रक्ततपासणी), अल्ब्युमिन आणि टीएसएच इतक्याने बहुतेक गंभीर कारणांचा माग लागतो. चालू असलेली सगळी औषधे, पुड्या आणि काढे जाताना सोबत न्यावेत.