मांजरांची पशुवैद्यकीय सेवा (खानदेश)

पाळीव मांजरांची तपासणी, लसीकरण, जंतनिर्मूलन, नसबंदी, शस्त्रक्रिया आणि तातडीचे उपचार यांची जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील व्यवस्था. (हा मुलूख १९०६ पर्यंत एकच खानदेश जिल्हा होता, नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला.) या सेवेला बोलीत स्वतंत्र नाव नाही. मांजर आजारी पडले की ते ढोरांच्या दवाखान्यात न्यायचे, अहिराणीत ‘ढोरेसना दवाखाना’. सेवा कुठून आली आणि कुठे अडते, ते या नावातच कळते.

कापूस, केळी आणि ज्वारी-बाजरीच्या या भागात बैल बसला की पेरणी खोळंबते, म्हैस आटली की घरातला पैसा आटतो. मांजराने असे काही अडत नाही. सरकारी दवाखाने उभे राहिले ते बैल-म्हशींसाठी. पशुसंवर्धन विभाग आणि जिल्हा परिषद यांचे दवाखाने श्रेणी-१ व श्रेणी-२ असे आहेत. पहिल्यात पदवीधर पशुधन विकास अधिकारी असतो, दुसऱ्याचा कारभार पशुधन पर्यवेक्षक किंवा सहायक पशुधन विकास अधिकारी पाहतो. जिल्ह्याच्या गावी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असते. १९६२ या क्रमांकावर फोन केला की फिरते पथक गोठ्यापर्यंत येते. त्याचाही भर दुभत्या व ओढकामाच्या जनावरांवर. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत कुत्रे, ससे, उंट, अगदी हत्तीही मोजले गेले, पण मांजराला रकाना नव्हता. सरकारी कपाटात मांजराची लस सहसा का नसते, याचे बरेचसे उत्तर त्या नसलेल्या रकान्यात आहे.

जळगाव, धुळे, भुसावळ अशा शहरांत लहान प्राण्यांचे खाजगी दवाखाने आहेत. तिथेही रांगेत कुत्रे जास्त. उपचार करणाऱ्याकडे पशुवैद्यकाची पदवी आणि १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याखालची नोंदणी असावी लागते. गावातला औषधविक्रेता किंवा कृत्रिम रेतन करणारा ओळखीचा माणूस कितीही अनुभवी असला, तरी मांजराच्या बाबतीत त्याचा अंदाज फसण्याची शक्यता अधिक. चारशे किलोच्या म्हशीला दहा-वीस मिलिलिटर औषध देणाऱ्या हाताला साडेतीन किलोच्या जिवासाठी थेंबांत हिशेब करावा लागतो. अशा वेळी जाणकार डॉक्टर मधुमेहाच्या रुग्णांची इन्सुलिनची सिरिंज वापरतात. दवाखान्याच्या आवारातला, बैल-म्हशींना अडकवायचा लोखंडी खोडा इथे कामाचा नाही. मांजराला जाड टॉवेलमध्ये गुंडाळून फक्त डोके बाहेर ठेवतात. वाहून आणायलाही गावाची स्वतःची युक्ती आहे: केळीची दोन प्लॅस्टिक कॅरेटे एकमेकांवर उपडी घालून सुतळीने बांधायची. हवा खेळते, मांजर निसटत नाही. पोत्यात घालून आणण्यापेक्षा हे शतपटीने बरे.

दवाखान्यात येणाऱ्या कितीतरी तक्रारींचे मूळ ताटात असते. वारकरी, जैन आणि इतर शाकाहारी घरांत मांजराला दूध-भाकर, वरण-भात घालण्याची रीत आहे. पण मांजर मुळातच मांसाहारी. टॉरिन हे अमिनो आम्ल त्याला पुरेसे बनवता येत नाही, ते प्राण्यांच्या मांसातून मिळते. ते कमी पडले तर डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदय पसरून दुबळे पडते. या हृदयविकाराचा टॉरिनशी असलेला संबंध १९८७ मध्ये स्पष्ट झाला. गावात उंदीर-पाली पकडणारे मांजर ही कसर बाहेर भरून काढते, फ्लॅटमधले काढू शकत नाही. दुधाने तर बहुतेक मोठ्या मांजरांना हगवणच लागते, कारण वय वाढते तशी दुधातली साखर पचवण्याची ताकद घटते. उलट बाजूने, लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही तर यकृतात चरबी साठून कावीळ होऊ शकते. ‘आज नाही खाल्ले, उद्या खाईल’ हा धीर मांजराच्या बाबतीत महागात पडतो.

उन्हाळ्यात तापीच्या खोऱ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. पत्र्याच्या घरात दुपारी कोंडलेले मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले, तर ते उष्माघाताचे लक्षण समजावे. मांजराचे नेहमीचे तापमान सुमारे ३८ ते ३९.२ अंश सेल्सियस असते. ४१ च्या पुढे ते जिवावर बेतते. साध्या पाण्याने अंग ओले करून पंख्याखाली ठेवावे आणि लगेच निघावे, बर्फ लावू नये.

याच दिवसांत बोक्यांची लघवी तुंबण्याचा धोका असतो. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी फार अरुंद. कमी पाणी आणि नुसते कोरडे खाद्य यांमुळे त्यात बारीक खडे किंवा चिकट गोळा अडकतो. बोका रेतीच्या पाटीत पुन्हा पुन्हा बसतो, कुंथतो, ओरडतो, थेंबभरच काढतो, मग शेपटीखाली चाटत राहतो. घरच्यांना वाटते बद्धकोष्ठ आहे, आणि ते एरंडेल पाजतात. यात एक-दोन दिवस गेले की रक्तात पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकते. इलाज असा: भूल देऊन नळी घालायची, मूत्राशय मोकळे करायचे, सलाइन लावायचे. पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न घरी मुळीच करू नये, मूत्राशय फुटू शकते. अशा बोक्याला पुढे ओले अन्न आणि घरात दोन-तीन ठिकाणी पाण्याची भांडी लागतात. मातीच्या परळातले गार पाणी पुष्कळ बोके आवडीने पितात.

विषबाधा हा इथला दुसरा मोठा विषय. माणसाच्या तापावरची पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी चार किलोच्या मांजराचा जीव घेऊ शकते. हे औषध निकामी करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फार कमी आहे. त्यातून तयार होणारे विष रक्तातल्या प्राणवायू वाहून नेणाऱ्या द्रव्यावर हल्ला करते. हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड सुजते, श्वास चढतो. वेळेत पोहोचल्यास ॲसिटिलसिस्टीन हा उतारा देतात. कुत्र्याच्या मानेवर टाकायचे परमेथ्रिन या कीटकनाशकाचे थेंब ‘पिसवांचेच तर आहेत’ म्हणून मांजरावर टाकले की थरथर आणि झटके सुरू होतात. गोठ्यात गोचिडांवर फवारायच्या औषधांची जातकुळीही बऱ्याचदा तीच असते. काळ्या फिनेलने पुसलेल्या फरशीवरून चालत येऊन मांजर पाय चाटते, तेव्हा ते विषही पोटात जाते. नायट्यावर घासलेट किंवा तंबाखूचे पाणी लावायचा जुना उपायही असाच घातक. जळगावच्या डाळ मिलमध्ये आणि धान्याच्या कोठारांत मांजर ठेवतात ते उंदरांसाठी, आणि तिथेच उंदरांचे औषधही टाकतात. ब्रोमाडायोलोन हे रक्त गोठू न देणारे औषध खाऊन सुस्त झालेला उंदीर मांजराने खाल्ला तर विष पुढे सरकते. काही दिवसांनी नाकातून, हिरड्यांतून रक्त येऊ लागते किंवा छातीत साचते. त्यावर जीवनसत्त्व के-१ चे उपचार आठवडेच्या आठवडे चालतात. झिंक फॉस्फाइड या दुसऱ्या उंदीरनाशकाला मात्र उतारा नाही. म्हणून विषाची पुडी सोबत आणावी, निदान तिचा फोटो तरी.

लसीकरणात दोन गोष्टी येतात. पहिली, पॅनल्यूकोपेनिया आणि सर्दीचे दोन विषाणू (हर्पीस व कॅलिसी) यांवरची तिहेरी लस, जिला लोक ‘ट्रायकॅट’ म्हणतात. ती आठव्या आठवड्याच्या सुमारास सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने देतात. शेवटचा डोस सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतर असावा, कारण त्याआधी आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीला पुरते काम करू देत नाही. पॅनल्यूकोपेनियात पांढऱ्या पेशी कोसळतात, पिल्लू ओकते, हगवते आणि दोन-तीन दिवसांत जाऊ शकते. त्याचा विषाणू घरात कित्येक महिने टिकतो, त्यामुळे त्या घरात लस न घेतलेले नवे पिल्लू आणू नये. दुसरी लस रेबीजची, बाराव्या आठवड्यानंतर आणि पुढे दरवर्षी किंवा लसीच्या मुदतीनुसार. ६ जुलैच्या जागतिक प्राणीजन्य रोग दिनी आणि २८ सप्टेंबरच्या रेबीज दिनी सरकारी दवाखान्यांत ही लस फुकट टोचतात. शिबिर कुत्र्यांचे म्हणून जाहीर झालेले असते, पण मांजर घेऊन जायला हरकत नसते. मांजर चावले किंवा ओरखडले तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. मिरची, हळद, चुना यांचा लेप नको.

मादी चौथ्या-पाचव्या महिन्यातच माजावर येऊ शकते, आणि गाभण राहिली की साधारण ६३ ते ६५ दिवसांत विते. पिल्ले सात घरे फिरवते अशी समजूत आहे. ती फिरवते हे खरे. सात हा आकडा लोकांचा. पिल्लांच्या ओझ्यावर नसबंदी हाच उपाय, पण मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते असे मानणाऱ्या घरांत ‘कापाकापी’चे पाप नको म्हणून ती टाळतात आणि नंतर तीच पिल्ले बाजारात सोडून येतात. ही विसंगती डॉक्टरांना रोजच ऐकावी लागते. गरोदर सुनेसाठी मांजर घराबाहेर काढण्याचा हट्टही असाच. भीती असते ती गर्भाला अपाय करू शकणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची, पण विष्ठेतली त्याची अंडी बाधक व्हायला एक ते पाच दिवस लागतात. दुसऱ्या कुणी रेतीची पाटी रोज साफ केली, हात आणि भाज्या धुतल्या, मांस नीट शिजवले की धोका फार घटतो.

हाड मोडणे, गुंतागुंतीची प्रसूती, सोनोग्राफी यांसाठी अनेकदा प्रांताबाहेर जावे लागते. जळगावकर छत्रपती संभाजीनगरची, धुळेकर नाशिकची आणि नंदुरबारकर रेल्वेने सुरतची वाट धरतात. प्रत्येक पल्ला दीडशे किलोमीटरच्या आसपास. पशुवैद्यकीय शिक्षणसंस्था अकोला, नवसारी आणि आग्रा रोडने महू इथे आहेत. नळी घालून लघवी मोकळी केलेल्या बोक्याला घेऊन रात्रीच्या एसटीने निघणारे घर कॅरेटवर ओला पंचा टाकते आणि मधल्या थांब्यावर त्याच्यासाठी पाणी शोधते.