३२ ची रिंग, ४० चा हब

पाण्याच्या घागरी वाहून म्हातारी झालेली एखादी काळी सायकल परभणी-वसमत भागात आजही भिंतीला टेकलेली दिसते. तिच्या मागच्या चाकाच्या तारा मोजा. ४० भरल्या तर चाक मूळचं. ३२ भरल्या तर वाकून हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, तारा अडकवायच्या चकतीकडे बघा: चार तारा, मग एक रिकामं भोक, पुन्हा चार तारा, पुन्हा रिकामं भोक. पुढच्या चाकाची रिंग मागच्या हबवर चढवल्याची ही खूण.

पुढे ३२, मागे ४० ही चाल इंग्रजांची. बसणाऱ्याचं ओझं मागच्या चाकावर जास्त, साखळीची ओढही तिथेच. म्हणून पुढच्या चार तारा काढून मागे दिल्यासारखा हा हिशेब. फ्रान्स-अमेरिकेकडे दोन्ही चाकांना ३६ चालत. बेरीज दोन्हीकडे ७२ च. तारा ग्रोसवर, म्हणजे बारा डझनांनी, विकल्या जातात, त्यामुळे १४४ तारांच्या एका पुड्यात नेमक्या दोन सायकली उभ्या राहतात, एकही तार उरत नाही. दुकानदाराला आणखी काय हवं!

तारेचं चाक त्याआधीचं. पॅरिसच्या युजीन मेयरने १८६९ साली त्याचं पेटंट घेतलं आणि कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने १८७४ मध्ये तारा तिरप्या, एकमेकींना ओलांडत बसवल्या. आपल्या बैलगाडीच्या चाकात वजन आऱ्यांवर उभं राहतं. घेराच्या एका पाट्यात, म्हणजे लाकडी तुकड्यात, दोन आरे, ते तुंब्यात ठोकलेले. तिथे मोजणी चुकवून सुताराचं भागतच नाही. सायकलची तार ताणावर जगते. रिंगला सगळीकडून सारखी ओढ बसली की झालं, हबच्या नेमक्या कुठल्या भोकातून तार निघाली याला थोडी सूट आहे. जुळवाजुळवीची सगळी विद्या या सुटीवर चालते.

निजामाच्या राज्यात मराठवाड्यात ज्या सायकली आल्या त्या विलायती: रॅले, हर्क्युलस, बीएसए. स्वातंत्र्यानंतर मद्रासला टीआय सायकल्सने हर्क्युलस आणि आसनसोलला सेन-रॅलेने रॅले बनवायला घेतली. पाठोपाठ सोनीपतची ॲटलस (१९५१) आणि लुधियानाची हीरो (१९५६) आली. घडण मात्र तीच राहिली: २८ इंची चाक, टायर बसतो तिथे ६३५ मिलिमीटर व्यासाची रिंग, ३२-४० तारा. इंग्लंड पुढे ३६ वर गेलं, आपली काळी सायकल जागची हलली नाही. त्यामुळे एकाच सायकलला मापाने सारख्या पण भोकांनी वेगळ्या अशा दोन रिंगा. मागची खड्ड्यात बसली आणि भंगारात पुढचीच मिळाली, की गुंता सुरू.

मागचीच का बसते? उन्हाळ्यात कॅरिअरला चार घागरी लटकायच्या. पंधरा-पंधरा लिटरच्या धरल्या तरी ६० किलो, आणि रस्ता आमचा.

आमच्या नाक्यावरचे सायकल दुरुस्त करणारे चाचा सांगायचे, “हबचं भोक रिकामं राहिलं तर चालतंय, रिंगचं नाही.” ४० च्या हबला एका चकतीवर २० भोकं, त्यातलं दर पाचवं सोडलं की १६ उरतात, दोन्ही बाजू मिळून ३२. सोडलेली भोकं दोन्ही चकत्यांवर साधारण समोरासमोर ठेवायची. रिंगच्या सगळ्या भोकांत तार येते, ओढ सारखी वाटली जाते. उलट ३२ चा हब ४० च्या रिंगमध्ये घातला तर रिंगची आठ भोकं उघडी पडतात. तिथे तिला धरायला कुणी नाही, आणि तारा आवळून-सैल करून कितीही आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढा, चाक पुन्हा त्याच जागी डुलतं.

खरी मेख तारांच्या लांबीत. चकतीवर शेजारच्या दोन तारांत १८ अंश, रिंगवर त्याच बाजूच्या दोन तारांत साडेबावीस. चौघींच्या प्रत्येक गटात मधल्या दोन आणि कडेच्या दोन तारांना त्यामुळे वेगळी लांबी लागते. फरक दोन-तीन मिलिमीटरचा. दोन मापांच्या तारा कोण आणून देणार? चाचा लांब मापाच्याच सगळ्या घालत. जिथे टोक निपलमधून (रिंगमध्ये तार आवळणाऱ्या छोट्या नटातून) वर डोकावे तिथे कानस फिरवत, नाहीतर ट्यूबला आतूनच पंक्चर. मग सायकल उलटी करून, फ्रेमच्या दांड्याला खडूचा तुकडा टेकवून चाक फिरवत. खडू जिथे लागेल तिथलं निपल पाव फेरा.

पुढे रेंजर छापाच्या सायकलींबरोबर गावात ३६ चे हब आणि रिंगा आल्या. ४० च्या हबला ३६ भोकांची रिंग असेल तर प्रत्येक चकतीवर समोरासमोरची दोनच भोकं सोडायची, पण नऊ-नऊच्या गटात कडेच्या तारा आणखी ओढल्या जातात. चाचांना ३२ चंच काम सोपं वाटे.

आमचं चाक परत देताना त्यांनी वडिलांना बजावलं होतं, “भाऊ, चाळीसचं बत्तीस झालंय. दोनच घागरी.” वडिलांनी चारच लावल्या. पोळ्याच्या आत आम्ही पुन्हा नाक्यावर.