तंबोरा विकला, जवारी राहिली: वाद्यांची दुकाने आणि गिऱ्हाइकांची पार्श्वभूमी

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला मार्च २०२४ अखेर भौगोलिक मानांकन मिळाले. सतारीचे मानांकन मिरज म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स क्लस्टरकडे, तर तंबोऱ्याचे सोलट्यून म्युझिकल इन्स्ट्रुमेंट प्रोड्युसर फर्मकडे आहे. त्यानंतर वर्तमानपत्रांतून मिरजेच्या कारागिरीबद्दल बरेच लिहून आले. मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीचे लाकूड, दांडीवरची नक्षी, सगळ्याची माहिती लोकांना झाली. ती व्हायलाच हवी होती. पण वाद्य गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर त्याची काळजी कोण घेतो, आणि ती घेण्याची रीत कशी पडली, याबद्दल फार थोडे लिहिले गेले. घरबसल्या मागवलेली पेटी (हार्मोनियम) पहिल्याच पावसाळ्यात गळू लागली, नव्या तंबोऱ्याचा नाद काही महिन्यांत बसला, अशा तक्रारी हल्ली सारख्या कानावर येतात. त्या समजून घ्यायच्या तर जरा मागे जावे लागते.

मिरजेत हा धंदा मुळात दुरुस्तीतून उभा राहिला. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले घासून त्यांना धार लावणारे लोक. संस्थानी फौजा मोडल्या, इंग्रजांचा अंमल बसला आणि हत्यारांचे काम आटले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला याच समाजातले फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ मोहिनुद्दीन वाद्यांकडे वळले, असे मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पटवर्धन संस्थानिकांमुळे गावात गवयांची ये-जा होती. त्यांच्या मोडक्या तंबोऱ्यांची डागडुजी करता करता या भावांचा हात बसला आणि मग ते नवे तंबोरे घडवू लागले. त्यांच्या वंशजांचे आडनाव पुढे सतारमेकर झाले आणि गल्लीही सतारमेकरांची. पहिले गिऱ्हाईक दुरुस्तीसाठी आले होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. इथे विक्री नंतर आली, देखभाल आधी.

त्या काळचे गिऱ्हाईकही वेगळे होते. दरबारी गवई किंवा बीनकार (रुद्रवीणा वाजवणारे) यांना काय हवे ते नेमके ठाऊक असे. कारागिरासमोर बसून ते तंबोरा छेडून बघत, नाक मुरडत, पुन्हा घासायला लावत. मिरजेला घर केलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) तंबोरा लावण्याच्या बाबतीत विलक्षण काटेकोर होते आणि वाद्याच्या दुरुस्तीचेही जाणकार होते. असे गिऱ्हाईक गल्लीतच राहत असल्यावर कारागिराचा कान तयार होणारच. गिऱ्हाइकाने कारागिराला शिकवले, कारागिराने गिऱ्हाइकाचे वाद्य सांभाळले. मिरजेचा लौकिक झाला तो या देवघेवीतून.

हे नाते किती दूर जाऊ शकते याचा दाखला कोलकात्यात मिळतो. पंडित रविशंकरांच्या सतारी घडवणारे नोदू मल्लिक त्यांच्याबरोबर परदेश दौऱ्यांवर जात. सतारीची निगा राखत आणि मैफलीत मागे बसून तंबोराही धरत. कारागीर थेट रंगमंचावर! सगळ्यांच्या वाट्याला हे येणे शक्य नाही, पण उत्तम सेवा म्हणजे काय याचे त्याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही.

आता जवारी म्हणजे काय ते जवळून बघू, कारण पुढचा सगळा प्रश्न तिच्याभोवती फिरतो. तंबोऱ्याच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, जी घोडी बसवलेली असते तिचा माथा वरवर सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार दिलेला असतो. तार कंप पावताना त्या उताराला घासत राहते आणि त्यातून ते झंकारणारे, स्वरांचे पदर सोडणारे गुंजन निघते. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवतात. तो केसभर पुढे-मागे झाला की नाद खुलतो किंवा मिटतो. तार रोज छेडली जाते, त्यामुळे घोडीवर तिची बारीक खाच पडत जाते. खाच खोल झाली की धागा कितीही सरकवा, नाद येत नाही. मग कारागीर तारा सैल करून बाजूला घेतो, घोडीचा माथा कानशीने आणि पॉलिश कागदाने पुन्हा घासतो, तार चढवून ऐकतो, उतरवतो, परत घासतो. दोन हात जास्त फिरले तर झाले नुकसान भरून येत नाही, पुढचा सगळा थर खाली घ्यावा लागतो. हीच जवारी. या कामाला माप नाही, मोजणारे यंत्र नाही. एकाला खुली जवारी हवी असते, दुसऱ्याला बंद. बाईंचा तंबोरा काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराला, लावायचा असेल तर एक हिशेब, बुवांचा काळी एकला असेल तर दुसरा. म्हणजे गाणाऱ्याची पट्टी माहीत असल्याशिवाय जवारी पुरती होतच नाही. त्यातून वाद्य नवे असेल तर भोपळा, तबली, दांडी, सगळे अजून बसायचे असते. विकत घेतल्यावर काही महिन्यांनी पहिली जवारी करून घ्यावी लागते आणि त्यानंतर वापराप्रमाणे पुन्हा पुन्हा.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिऱ्हाईक बदलले. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०८ मध्ये मुंबईला आणले. शिकवायचे तर मुलांच्या हातात वाद्ये हवीत, म्हणून विद्यालयाने वाद्ये बनवण्या-दुरुस्त करण्याचा कारखानाही चालवला. त्यांच्या शिष्यांनी १९३१ साली अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिक, प्रवेशिका, विशारद या परीक्षा घरोघरी पोहोचल्या. चाळीतल्या बिऱ्हाडात पेटी आली, तबल्याची जोडी आली. दरबाराऐवजी आता कारकून, मास्तर, गृहिणी दुकानाची पायरी चढू लागल्या. त्यांना गाण्याची आवड होती, पण वाद्याची पारख नव्हती. पारख करण्याचे काम दुकानदारावर आले. म्हणून गिरगाव, दादर, पुण्याच्या पेठा इथली जुनी दुकाने सल्ल्याचीही ठिकाणे झाली. दादरची हरिभाऊ विश्वनाथ कंपनी १९२५ पासूनची. अशा दुकानांत जाणते वादक सहज डोकावत, बाकावर बसून पेटी वाजवून बघत, आणि नवखे गिऱ्हाईक तेवढ्यात चार गोष्टी शिकून जाई.

पेटी तशी परकी. पॅरिसच्या देबाँ यांनी १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले, कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी हाताने भाता मारायची आवृत्ती रुळवली आणि नाटक कंपन्यांनी मराठी माणसाच्या कानात तिचा सूर भरला. आकाशवाणीने १९४० साली तिला बंदी घातली, तरी भजनात आणि घरात तिचे काही अडले नाही. पेटीचे सूर, म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या, आधी पॅरिस, जर्मनीहून येत. पुढे गुजरातेतल्या पालिताण्याचे नाव झाले. पेटी मिळवून देणे, म्हणजे सुरात लावून देणे, हे दुकानदाराचे खरे कसब. पट्टीच्या टोकाकडे घासले की सूर चढतो, मुळाशी घासले की उतरतो, आणि हे ऐकत ऐकत एकेका सुराशी करायचे. शिवाय भात्याची गळती, बोटांखालच्या फुगलेल्या लाकडी पट्ट्या, आत शिरलेली झुरळे. कोकणातून आणि गोव्यातून येणाऱ्या पेट्यांचे पावसाळ्यानंतरचे हाल कारागीरच जाणे. तबल्याचेही तसेच. पुडी (वरचे कातडे) बदलणे, वाद्या (ती ताणणाऱ्या चामड्याच्या पट्ट्या) ओढणे, मधली काळी शाई उडाली तर ती भरणे हे वर्षभर चालू असते. पुडी नुसती चढवून भागत नाही, ठोकून ठोकून सगळ्या घरांत एकसारखी सुरात यावी लागते.

इथे एक सवय लागली, आणि आजच्या अडचणीचे मूळ मी तिच्यात पाहतो. दुकानदाराने वाद्य विकताना त्यात पुढच्या देखभालीची किंमत धरली, पण ती वेगळी सांगितली नाही. “घेऊन या, लावून देतो” असे म्हणायचे आणि पैसे विचारले की “राहू द्या हो” म्हणायचे, ही रीत झाली. तिच्यात आपुलकी खरीच होती. पण जवारी करणारा, पेटी मिळवणारा हात फुकटातला आहे अशी गिऱ्हाइकाची समजूत त्यामुळेच पक्की झाली. मुंबईत पाश्चात्त्य वाद्यांच्या बाजूला असे घडले नाही. फुर्टाडोजसारखे दुकान १८६५ पासून चालत आले आहे. तिथून घेतलेला पियानो घरी आला की तो लावायला ट्यूनर येई, त्याची फी ठरलेली असे आणि ती देणे गिऱ्हाइकाला वावगे वाटत नसे. आपल्याकडे तंबोऱ्यासाठी हजारो रुपये मोजणारा माणूस जवारीचे थोडे पैसे द्यायला कुरकुरतो, हे मी अनेक दुकानांत पाहिले आहे. मला ते अतिशय लागते.

आणखी एक पद्धत होती, तीही सांगितली पाहिजे. शिष्याला घेऊन गुरुजी दुकानात येत, वाद्य निवडून देत, आणि दुकानदार त्यांना काही टक्के देई. निवड चांगली झाली की सगळेच सुखी. पण टक्केवारीकडे बघून निवड होऊ लागली की मुलाच्या गळ्यात बेसूर पेटी पडे. जुने सगळे सोन्याचे होते असे म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

१९७९ मध्ये बंगळूरच्या राज नारायण यांचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला. खुंट्या नाहीत, जवारी नाही, बटण दाबले की षड्ज-पंचम चालू. रियाजाला त्याची मोठी सोय झाली. एकट्या शिकणाऱ्या कित्येकांचा सूर त्याने राखला. पुढे मोबाइलमध्ये ॲप आले आणि तेवढे यंत्रही घ्यायला नको झाले. घरात तंबोरा घेणारे कमी झाले, म्हणजे वर्षाकाठी जवारीला येणारेही कमी झाले. विक्रीपेक्षा हा घाला मोठा. कान रोज कामात असला तरच तयार राहतो. दहा तंबोऱ्यांऐवजी दोनच हाताखालून गेले तर नव्या पोराला शिकवायचे कशावर?

त्यात ऑनलाइन विक्री आली. किंमत समोर दिसते, तुलना करता येते, सिंधुदुर्गातल्या खेड्यातही तबला पोहोचतो. हे फायदे खरे आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या व्यवहारात सेवा म्हणजे परत घेण्याची मुदत, सात किंवा दहा दिवसांची. भोपळ्याला तडा गेला असेल, दांडी मोडली असेल तर ती उपयोगी. तंबोऱ्याचा खरा कस मात्र काही महिन्यांनी लागतो. पेटीचा पहिल्या पावसाळ्यात. तोवर मुदत केव्हाच सरलेली असते. मग माणूस शेजारच्या दुकानात जातो आणि तिथले उत्तर ठरलेले असते: आमच्याकडून घेतलेली नाही. दुकानदारालाही दोष देता येत नाही, कारण त्याच्या सेवेचा खर्च त्याने विकलेल्या वाद्यातच धरलेला असतो.

परदेशातल्या मराठी कुटुंबांचा पेच याहून अवघड आहे. न्यू जर्सीत किंवा लंडनला हिवाळ्यात घर गरम ठेवतात, हवा कोरडी होते, तबलीला चीर जाते, खुंट्या घसरतात. जवळ कारागीर नाही. मिरजेचे काही कारागीर आता व्हिडिओ कॉलवरून धागा कसा सरकवायचा, बारीक सूर जुळवायचा मणी कुठे आणायचा, खुंटीला खडू कसा लावायचा हे शिकवतात. यात एक मेख आहे. कॉलवरचा आवाज स्वच्छ करणारी यंत्रणा तंबोऱ्याचा अखंड नाद गोंगाट समजून दाबून टाकते आणि कारागिराला नेमके ऐकायचे तेच ऐकू येत नाही. त्यापेक्षा प्रत्येक तार स्वतंत्र छेडून ध्वनिमुद्रण करावे आणि ती फाइल पाठवावी. घोडी घासायचीच असेल तर ती जपून काढून पाठवण्यापेक्षा वाद्य जाणत्या हातात नेणेच बरे, कारण घोडी आणि तबली यांची जागा जमलेली असते.

मिरजेचे कारागीर हत्यारांची पेटी घेऊन पुणे, मुंबई, गोवा, हुबळी-धारवाड अशा फेऱ्या करतात. मैफलींचा हंगाम सुरू होण्याआधी गायकांकडे, संगीत विद्यालयांत मुक्काम टाकून तंबोरे लावून देतात. ज्यांच्याकडे जुना तंबोरा धूळ खात पडला आहे त्यांनी अशा फेरीची चौकशी जरूर करावी. वीस-तीस वर्षे बंद पडलेले वाद्यही बऱ्याचदा नव्या तारा आणि एका जवारीने बोलू लागते, आणि जुने लाकूड मुरलेले असल्याने त्याचा नाद नव्यापेक्षा सरस निघतो.

मानांकनाचा उपयोग इथेच करून घेता येईल. मानांकन नव्या वाद्याच्या उगमाची हमी देते, पुढच्या देखभालीबद्दल त्यात काही नाही. पण मिरजेच्या संस्थांनी मानांकित तंबोऱ्याच्या किमतीतच पहिल्या दोन जवाऱ्या धराव्यात आणि पावतीवर तसे स्पष्ट छापावे. तिसऱ्या जवारीपासूनचा दर फलकावर लावावा. पुण्या-मुंबईच्या दुकानांशी बोलून ही जवारी तिथे कोण करील तेही ठरवावे, म्हणजे ठाण्याच्या मुलीला मिरजेची गाडी पकडावी लागणार नाही. ते पैसे दुकानाच्या गल्ल्यात न जाता थेट जवारी करणाऱ्याच्या हातात पडले, तर त्याचा मुलगा किंवा मुलगी कानस हातात घ्यायचा विचार तरी करील.