साडेचारशे वॅट, पण किती अंशाला?

भाचीच्या नव्या कॉम्प्युटरचं कोटेशन माझ्या हातात आलं. प्रोसेसरची ओळ मॉडेल नंबरसकट, ग्राफिक्स कार्डाची तशीच, रॅमची, एसएसडीची, अगदी पंख्यांचीसुद्धा. शेवटच्या ओळीत मात्र एवढंच लिहिलं होतं: ‘कॅबिनेट, ४५० वॅट एसएमपीएससह’. एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. त्याची ना कंपनी, ना मॉडेल. भाची टेक्स्टाइल डिझाइन शिकते. जकार्ड चादरीची नक्षी हल्ली मागावर चढण्याआधी पडद्यावर उभी राहते, त्यासाठी तिला दमदार मशीन हवं होतं. “मामा, साडेचारशे पुरतील ना?” एवढाच तिचा प्रश्न.

मी तिला उलट विचारलं, साडेचारशे खरे, पण किती अंशाला? आणि किती व्होल्टेजवर?

सोलापुरात हे दोन प्रश्न वॅटच्या आधी यायला हवेत, असं माझं ठाम मत आहे. ते कशामुळे झालं तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका दुपारी माझ्या टेबलाखालून फटाक्यासारखा आवाज आला आणि करपलेला वास खोलीभर पसरला. कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस गेला होता. तो एकटा गेला असता तर दुःख नव्हतं. जाताना तो मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क घेऊन गेला, आणि डिस्कमध्ये आईचे शेवटच्या वर्षातले फोटो होते. कॉम्प्युटरमधला दुसरा कुठलाही भाग बिघडला तर तो बहुधा स्वतःपुरता बिघडतो. एसएमपीएसच्या तारा मात्र प्रत्येक भागापर्यंत पोचलेल्या असतात.

या पत्र्याच्या डब्याचं काम ऐकायला सोपं आहे. भिंतीतल्या सॉकेटमधून २३० व्होल्टची, सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाणारी वीज घ्यायची आणि आत १२, ५ आणि ३.३ व्होल्टची स्थिर वीज द्यायची. जुन्या रेडिओत हे काम लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर करायचा. एसएमपीएस वेगळी युक्ती करतो. आलेली वीज तो आधी एकदिश करतो, नंतर ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने सेकंदाला लाखभर वेळा जोडतो-तोडतो, आणि मग एका चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरमधून खाली उतरवतो. हौदातलं पाणी घागरीने पन्नास खेपांत न्या किंवा वाटीने लाख खेपांत, पोचणारं पाणी तेवढंच. खेपा वाढल्या की भांडं लहान चालतं, म्हणून ट्रान्सफॉर्मर मुठीत मावतो. घरगुती कॉम्प्युटरमध्ये ही पद्धत रुळली त्यात १९७७च्या ॲपल टू या यंत्राचा वाटा मोठा. त्याचा पुरवठा रॉड होल्ट या अभियंत्याने असा बनवला होता की त्याला पंखाच लागत नव्हता.

आता त्या ‘४५० वॅट’कडे. दुकानात डबा उलटा करून लेबल वाचायची सवय लावून घ्या. त्यावर १२ व्होल्टच्या खाली किती ॲम्पिअर लिहिलेत ते बघा आणि गुणाकार करा. १६ ॲम्पिअर असतील तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. बाकीचे अडीचशे वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या नावावर दाखवलेले असतात. एकेकाळी त्यांना अर्थ होता, कारण तेव्हाचे प्रोसेसर ५ व्होल्टच्या तारेवर चालत. २००० साली पेंटियम ४ आला, त्याच्यासोबत १२ व्होल्टची वेगळी जोडणी आली, आणि तेव्हापासून सगळा भार तिकडे सरकला. आज प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघेही १२ व्होल्टवरच जगतात. चांगल्या एसएमपीएसमध्ये जवळजवळ पूर्ण क्षमता १२ व्होल्टवर मिळते: ५५० वॅटच्या डब्यावर ४५ ॲम्पिअरच्या आसपास आकडा दिसला पाहिजे. हा एक गुणाकार केला तरी बाजारातले निम्मे डबे तिथल्या तिथे बाजूला पडतील, असं मला वाटतं.

भाचीच्या मशीनचा हिशेब आम्ही वहीत मांडला. ग्राफिक्स कार्ड ११५ वॅटचं. प्रोसेसरवर ६५ वॅट लिहिलेलं, पण त्या जातीचा प्रोसेसर जोरात असताना ८८ वॅटपर्यंत ओढतो. मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून ५५-६० धरले. बेरीज साधारण २६० वॅट. वर ग्राफिक्स कार्डांची एक खोड असते, क्षणभर उसळी मारायची. सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरतं ती नेहमीपेक्षा कितीतरी जास्त ओढतात. म्हणूनच एसएमपीएससाठीच्या २०२२च्या एटीएक्स ३.० मानकाने ग्राफिक्स कार्डाची नवी जोडणी असलेल्या एसएमपीएसला १०० मायक्रोसेकंद दुप्पट भार सोसण्याची अट घातली. तेव्हा २६०ला ५५० पुरेसे, तेही खरे ५५०. आणखी एक गैरसमज फार ऐकू येतो: मोठा एसएमपीएस घेतला की बिल वाढतं. तसं होत नाही. ७५० वॅट ही त्याची ताकद आहे. मशीन जेवढं मागतं तेवढंच तो देतो.

आता अंश. सोलापूरचा मे महिना सांगायला नको, पारा ४२-४३वर जातो. दुपारी बंद खोलीत ३८-४० अंश, कॅबिनेटच्या आत त्याहून दहाएक जास्त. म्हणजे एसएमपीएसचा पंखा जी हवा आत ओढतो तीच पन्नास अंशांची असू शकते. ज्या ‘८० प्लस’ शिक्क्यावर आपण इतका विश्वास टाकतो, त्याची चाचणी मात्र २३ अंशांच्या खोलीत होते. तो शिक्का खोटा नाही. पण तो फक्त कार्यक्षमतेचा आहे, टिकाऊपणाचा नाही. चांगले उत्पादक आपली क्षमता किती तापमानाला मोजली हे माहितीपत्रकात लिहितात, ४० किंवा ५० अंश. माझा आग्रह ५० अंशवाल्याचा आहे. काहीच लिहिलं नसेल, तर तो आकडा थंड हवेतला समजून चला.

उष्णतेचा घाव बसतो तो कपॅसिटरवर, ज्याला आपले वायरमन कंडेन्सर म्हणतात. या ॲल्युमिनियमच्या नळकांड्यात द्रवरूप इलेक्ट्रोलाइट असतं आणि उष्णतेने ते हळूहळू उडून जातं. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. कपॅसिटरवर ८५ किंवा १०५ अंश असं छापलेलं असतं. समजा दोन कपॅसिटर आहेत, दोघांचंही आयुष्य आपापल्या कमाल तापमानाला २००० तास, आणि दोघेही प्रत्यक्षात ६५ अंशांवर काम करताहेत. ८५वाला दोन पायऱ्या खाली आहे, म्हणजे चौपट: ८००० तास. १०५वाला चार पायऱ्या खाली, सोळापट: ३२,००० तास. रोज आठ तास मशीन चालवलं तर पहिला १००० दिवसांत थकतो, म्हणजे तीन वर्षंही नाहीत. दुसरा जवळपास अकरा वर्षं जातो. दोघांच्या किमतीत फरक असतो काही रुपयांचा, आणि स्वस्त डब्यात नेमके तेवढेच रुपये वाचवलेले असतात. डबा उघडून बघता येत नाही, आणि उघडूही नका. मुख्य कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात. त्याऐवजी हमीची वर्षं बघा. पाच, सात किंवा दहा वर्षांची हमी देणाऱ्याने आतला माल तसा घातलेला असण्याची शक्यता जास्त.

सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्यांसाठी एक जास्तीची काळजी. यंत्रमागांच्या आसपास हवेत कापसाचे बारीक तंतू असतात. ते पंख्याच्या जाळीवर बसतात, एकमेकांना धरतात आणि अक्षरशः पातळ कापड तयार होतं. खाली जाळी असलेलं कॅबिनेट घ्या, एसएमपीएसचा पंखा खालून हवा घेईल असा बसवा, आणि जाळी महिन्याला झटका.

दुसरा प्रश्न व्होल्टेजचा. विजेच्या नकाशावर सोलापूरचं नाव फार मोठं आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताचं जाळं उरलेल्या देशाशी एका लयीत जोडलं गेलं. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी विजेचा ठोका एकच. होटगीजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचे ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत. आणि तरी संध्याकाळी आपल्या घरात ट्यूबलाइट का फडफडते? कारण वारंवारता देशाची असते, व्होल्टेज मात्र गल्लीचं. तुमच्या कोपऱ्यावरच्या डीपीवर किती भार आहे, तिथून घरापर्यंत तार किती लांब आणि किती बारीक आहे, यावर ते ठरतं. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, आणि सुटतं तेव्हा गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकाच वेळी लागतात. मोटार सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. त्या अर्ध्या तासात माझ्या घरी मी १७५ व्होल्ट मोजलेत.

अशा वेळी एसएमपीएसचं काय होतं? बल्ब मंद होतो, पंखा हळू फिरतो. एसएमपीएसला मात्र आत तेवढीच शक्ती द्यायची असते, म्हणून व्होल्टेज पडलं की तो प्रवाह वाढवतो. भाचीचं मशीन पूर्ण जोरात असताना भिंतीतून २९५ वॅट घेईल असं धरलं, तर २३० व्होल्टला १.३ ॲम्पिअर आणि १७५ला १.७. तारांमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, तेव्हा ती पाऊणपट जास्त झाली. म्हणून लेबलावर ‘एसी इनपुट’समोर काय छापलंय ते वाचा. १००–२४० व्होल्ट असेल तर आत ‘ॲक्टिव्ह पीएफसी’ नावाचं सर्किट असतं. आलेल्या विजेचा दाब कमी-जास्त असला तरी ते तो उचलून ३८० व्होल्टच्या आसपास स्थिर ठेवतं, आणि पुढच्या भागाला गल्लीत पाणी सुटल्याचं कळतही नाही. २००–२४० लिहिलेला डबा, तो कितीही नावाजलेला असो, मी आपल्याकडे घेणार नाही.

लाइट गेल्यावरचंही थोडं. चांगला एसएमपीएस वीज तुटल्यावर साधारण १७ मिलिसेकंद साठवणीवर तग धरतो. साधा यूपीएस दहाच्या आत बॅटरीवर येतो, त्यामुळे मशीन चालू राहतं. घरातल्या इन्व्हर्टरवर मशीन लावणार असाल तर मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर हवं. दुसऱ्या मोडमध्ये तो इतका उशिरा जागा होतो की कॉम्प्युटर तोवर बंद पडलेला असतो. आणि ६०० व्हीएच्या यूपीएसमधून बहुधा ३६० वॅटच मिळतात.

‘८० प्लस’ शिक्क्याची गोल्ड पायरी घ्यावी की ब्रॉन्झ, यावर दुकानात फार चर्चा होते, मी ती फार लांबवत नाही. अर्ध्या भाराला ब्रॉन्झ किमान ८५ टक्के, गोल्ड ९० टक्के. २६० वॅटला फरक सतरा वॅटचा. रोज सहा तास पूर्ण जोर लावला तरी वर्षाला सदतीस-अडतीस युनिट. बिलातली बचत किरकोळ आहे, पण ते सतरा वॅट उष्णता होऊन त्या डब्यातच राहतात, म्हणून आपल्या हवेत मी गोल्डकडे झुकतो. आणि डब्यावरचं नाव म्हणजे बनवणारा नव्हे. सीसॉनिक, सुपर फ्लॉवर, चॅनल वेल, ग्रेट वॉल असे मोजके कारखाने अनेक ब्रँडना माल बनवून देतात. एकाच ब्रँडची एक मालिका उत्तम आणि दुसरी सुमार असू शकते, तेव्हा मॉडेलची चाचणी शोधा. सायबेनेटिक्स ही संस्था २३० व्होल्टवरही मोजते आणि अहवाल फुकट वाचायला ठेवते.

तारा सुट्या निघणारा एसएमपीएस घेतला, तर त्याच्या तारा जपून ठेवा आणि दुसऱ्या एसएमपीएसच्या तारा त्याला कधीही लावू नका. खोबणीत त्या बसतात. पण डब्याकडच्या बाजूला कुठल्या पिनला किती व्होल्ट याचं सर्वमान्य बंधन नाही, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की डिस्क क्षणात जाते.

आम्ही शेवटी ५५० वॅटचा, गोल्ड, ५० अंशांना मोजलेला, सात वर्षं हमीचा एसएमपीएस वेगळा घेतला. मशीन जोडलं, सगळं नीट सुरू झालं, आणि भाची दचकून म्हणाली, “मामा, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतायत.”

हा दोष एसएमपीएसचा नव्हता. त्याच्या आत फेज आणि न्यूट्रल, दोन्हींपासून एकेक छोटा कपॅसिटर पत्र्याला जोडलेला असतो. आतल्या जोड-तोडीतून उठणारा विद्युत गोंगाट त्यातून जमिनीत जावा, अशी योजना असते. अर्थिंग नसेल तर वाट खुंटते आणि पत्रा २३० आणि शून्याच्या मधोमध, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. प्रवाह मिलिॲम्पिअरहून कमी असतो, म्हणून फक्त झिणझिण्या. पण त्याच अवस्थेत मॉनिटरची किंवा यूएसबीची तार जोडली तर पोर्ट जळू शकतं, आणि एखाद्या दिवशी आत खरोखर फेज पत्र्याला टेकली तर फ्यूज उडवायला वाटच उरत नाही. ताईचं घर साखर पेठेतलं, जुनं. सॉकेटला तीन भोकं होती, पण वरच्या मोठ्या भोकामागे तारच नव्हती. वायरमनने मीटर लावून दाखवलं: फेज आणि न्यूट्रलमध्ये २२८, फेज आणि अर्थमध्ये काहीच नाही.

दोन दिवसांनी अंगणात खड्डा झाला, नळी उतरली, कोळसा आणि मीठ पडलं, तार सॉकेटपर्यंत आली. झिणझिण्या थांबल्या. वायरमनने जाताना बजावलं, की माती कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं, उन्हाळ्यात खड्डा ओला ठेवायचा. तेव्हा हल्ली पाणी सुटतं त्या दिवशी पहिली बादली भाची तिथे ओतते.