मेमरी रेशो: रॅमला बसपासून वेगळे करण्याचा पंचवीस वर्षांचा खटाटोप

१९९८ साली मदरबोर्डवर मेमरी रेशो, म्हणजे बसचा वेग आणि रॅमचा वेग यांचे गुणोत्तर, ही भानगडच जवळजवळ नव्हती. त्या वर्षी इंटेलचा ४४०बीएक्स चिपसेट (प्रोसेसर, रॅम आणि कार्डे यांना जोडणाऱ्या चिपा) आला. प्रोसेसरला या चिपसेटशी जोडणारी वाट म्हणजे बस. बस १०० मेगाहर्ट्झ, रॅम पीसी१००, दोघांचे क्लॉक एकच. बस वाढवली की रॅमही तेवढीच वाढायची, वेगळे काही ठरवायची सोय नाही. त्याच ऑगस्टमध्ये आलेला सेलेरॉन ३००ए प्रोसेसर याच बोर्डांवर गाजला. मल्टिप्लायर (बसच्या वेगाला गुणून प्रोसेसरचा वेग देणारा आकडा) ४.५ वर कुलूपबंद, मूळ बस ६६. ती १०० केली की ३०० चे थेट ४५०. आबिटच्या बीएच६ या मदरबोर्डवर हे सगळे बायोसमधूनच, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगच्या स्क्रीनवरूनच, व्हायचे. रॅमची चिंता नसे, कारण पीसी१०० ची स्टिक १०० वर चालण्यासाठीच बनलेली.

चिंता सुरू होई १३३ च्या दिशेने निघाल्यावर. बीएक्सवर एजीपीला (ग्राफिक्स कार्डाच्या खाचेला) २/३ च्या खालचा डिव्हायडर, म्हणजे बसचा वेग कमी करून द्यायचा पर्याय, नव्हता, त्यामुळे ६६ वर चालायचे ग्राफिक्स कार्ड ८९ वर पळे. रॅमलाही निमूटपणे १३३ गाठावे लागे. ज्याची रॅम त्याला तयार नसेल, त्याचा प्रोसेसर कितीही दमदार असला तरी तिथेच अडायचा.

ही गाठ सोडवली व्हिया या चिपसेट बनवणाऱ्या कंपनीने. १९९९ च्या अपोलो प्रो१३३ चिपसेटमध्ये बस १०० ठेवून रॅम १३३ वर, किंवा उलट, अशी मुभा होती. कागदावर छान. प्रत्यक्षात १३३ वर ओढलेला बीएक्स अनेक चाचण्यांत व्हियाला मागे टाकी. त्यात चिपसेटच्या जडणघडणीचा भाग होताच, पण दोन क्लॉकची किंमतही होती. दादरला एक लोकल सोडून दुसरी पकडायची तर दोन्हींचे वेळापत्रक जुळेपर्यंत प्लॅटफॉर्मवर थांबावे लागते. बस आणि रॅमचे ठोके वेगवेगळे असले की डेटालाही मधल्या बफरमध्ये तसेच थांबावे लागते. एकास एकचा आग्रह जो तेव्हा रुजला, तो यातूनच.

एनव्हिडियाच्या एनफोर्स२ चिपसेटवर एएमडीचा अ‍ॅथलॉन एक्सपी चालवणारे तर या बाबतीत कट्टर होते. त्यातला बार्टन २५००+ म्हणजे मल्टिप्लायर ११ × बस १६६. बस २०० केली, डीडीआर४०० रॅम (डीडीआरच्या नावातला आकडा क्लॉकच्या दुप्पट, म्हणजे इथे क्लॉक २००) लावली आणि रेशो १:१ ठेवला की तोच प्रोसेसर ३२००+ च्या २२०० मेगाहर्ट्झला पोचे. या चिपसेटवर रॅम बसपेक्षा वेगाने पळवली तरी कामगिरी घटायची, त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती.

इंटेलच्या बाजूला मात्र वाद रंगला. २००३ मध्ये ८७५पी आणि ८६५पीई हे चिपसेट आले, बस २०० ची आणि रेशोचे तीन पर्याय: १:१, ५:४, ३:२. पेंटियम ४ २.४सी चा मल्टिप्लायर १२. बस २५० केली की ३.० गिगाहर्ट्झ. १:१ वर रॅमला २५० म्हणजे डीडीआर५०० लागणार. ५:४ वर मात्र रॅम २०० वरच राहणार, म्हणजे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारी साधी डीडीआर४०० ची स्टिकही पुरेशी. गोंधळ घातला तो बायोसच्या लिखाणाने. काही बोर्ड सरळ ‘५:४’ लिहीत, काही ‘डीडीआर३३३’ किंवा ‘डीडीआर३२०’. ३२० हा आकडा प्रामाणिक होता, कारण २०० च्या बसचे चार पंचमांश १६०, त्याचे दुप्पट ३२०. बस २५० झाली की तीच ओळ ४०० देई, पण स्क्रीनवर मात्र जुनाच आकडा. आकडा वेगाचा नसून रेशोचा आहे, हे उमगेपर्यंत बऱ्याच जणांनी चांगल्या रॅमला उगाच दोष दिला.

शिवाय टायमिंगचे गणित, म्हणजे रॅम उत्तर द्यायला किती ठोके घेते ते; आकडा लहान तितके टायमिंग घट्ट. डीडीआर५०० च्या स्टिक बहुधा सीएल३ च्या ढिल्या टायमिंगवर चालत. विनबाँडच्या बीएच-५ चिपची रॅम २०० वर २-२-२ धरायची. मग १:१ वर ढिले की ५:४ वर घट्ट? माझ्या मते रोजच्या कामात हा फरक हाताला लागण्याइतका कधीच नव्हता; बेंचमार्कवाल्यांनी मात्र त्यावर रात्री घालवल्या.

एएमडीने तोवर पाटीच पुसली होती. २००३ च्या अ‍ॅथलॉन ६४ मध्ये मेमरी कंट्रोलर (रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग) प्रोसेसरच्या आत गेला आणि रॅमचा वेग प्रोसेसरच्या वेगाला पूर्णांकाने भागून निघू लागला. २००६ मध्ये एएम२ सॉकेटवर डीडीआर२ आली तेव्हा याची गंमत दिसली. २२०० चा प्रोसेसर भागिले डीडीआर२-८०० चे क्लॉक ४०० म्हणजे ५.५; अर्धा भाजक चालत नाही, म्हणून ६; रॅम ३६६ वर. डीडीआर२-८०० विकत घेणाऱ्याला मिळे ७३३. शेजारच्या २४०० च्या प्रोसेसरवर मात्र बरोबर ८००.

त्याच वर्षी इंटेलचा कोअर २ ड्युओ आला. त्यातल्या ई६३०० चा मल्टिप्लायर फक्त ७. २.८ गिगाहर्ट्झसाठी बस ४०० हवी, म्हणजे १:१ वर डीडीआर२-८००. पी९६५ चिपसेटवर रॅमला बसपेक्षा हळू चालवणारा रेशोच नव्हता. त्यामुळे स्वस्त प्रोसेसर घेणाऱ्याला महाग रॅम घ्यावी लागे. त्यावर आणखी ‘स्ट्रॅप’: बस ठरावीक आकड्यापलीकडे गेली की काही बोर्ड नॉर्थब्रिजचे (चिपसेटमधल्या रॅम सांभाळणाऱ्या चिपचे) अंतर्गत टायमिंग गुपचूप ढिले करत, आणि बस वाढवूनही मेमरीचा स्कोअर खाली येई.

पुढचा टप्पा तसा निरस. २००८ च्या नेहालेमने नॉर्थब्रिजमधला मेमरी कंट्रोलर इंटेलच्याही प्रोसेसरमध्ये आणला, २०११ च्या सँडी ब्रिजने १०० चे बेस क्लॉक (बाकी वेगांचा पाया) इतक्या गोष्टींना बांधले की ते थोडेफारच हलवता येई. के मालिकेच्या प्रोसेसरांचा मल्टिप्लायर मोकळा, रॅमचा गुणक वेगळा. रेशोची कटकट संपली असे वाटले.

एएमडीच्या रायझन प्रोसेसरांनी ती परत आणली. २०१७ च्या पहिल्या पिढीत इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरचे आतले भाग जोडणारी वाट) रॅमच्या क्लॉकलाच जोडलेले होते, म्हणून वेगवान रॅमला भाव आला. २०१९ च्या झेन २ या रायझन पिढीत ते सुटे झाले, पण डीडीआर४-३६०० च्या वर गेले की मूळ सेटिंगमध्ये कंट्रोलर रॅमच्या निम्म्या वेगावर उतरू लागला. इंटेलने २०२१ मध्ये रॉकेट लेकसोबत हाच प्रकार गिअर १ (१:१) आणि गिअर २ (कंट्रोलर निम्म्यावर) या नावांनी आणला. पूर्वी रेशो कमजोर रॅमला सांभाळून घेई. आता रॅम पुढे गेली आहे आणि सांभाळावे लागते कंट्रोलरला. डीडीआर५ वर इंटेलमध्ये गिअर २ हाच नेहमीचा मार्ग आहे. रायझन ७००० वर मात्र ६००० पर्यंत १:१ ठेवण्याची धडपड चालू आहे, म्हणून तिथे ऑटोवर विसंबण्यापेक्षा सीपीयू-झेड या प्रोग्रामच्या मेमरी टॅबमध्ये कंट्रोलरचा वेग रॅमच्या वेगाइतकाच आहे की निम्मा, हे एक्सपो (रॅमचा जाहीर वेग लावणारे बायोसमधले सेटिंग) चालू केल्यावर लगेच पाहून घ्यावे.